चाकातली हवा आणि तिची किंमत



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड उभे राहतात, तहनामे येतात, राजांच्या वंशावळी येतात. सायकलच्या चाकात भरलेली हवा हा इतिहासाचा विषय होऊ शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ते स्वाभाविकही आहे. हवा दिसत नाही, तिचा बाजारभाव निघत नाही आणि ती कोणाच्या मालकीची नाही. परंतु ही फुकटची वस्तू रबराच्या नळीत कोंडून ठेवण्यासाठी माणसाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत जी खटपट केली, तिच्यात कारागिरी आहे, व्यापार आहे, आणि दुर्दैवाने रक्तपातही आहे. म्हणून ही गोष्ट सांगताना आम्ही दोन प्रश्न सतत समोर ठेवणार आहोत. प्रत्येक नव्या युक्तीने सायकलस्वाराची सोय किती वाढली, हा पहिला. आणि त्या सोयीची किंमत कोणी व कोठे चुकती केली, हा दुसरा.

प्रथम हवा नव्हती त्या काळाकडे पाहू. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, तशीच धाव पॅरिसमध्ये १८६० च्या दशकात निघालेल्या पायट्यांच्या गाड्यांना होती. दगडी फरसबंदीवरून या गाड्या धावू लागल्या की स्वाराची हाडे खिळखिळी होत, आणि इंग्रजांनी त्यांना त्याच अर्थाचे टोपणनाव दिले होते. पुढे लोखंडी धावेच्या जागी भरीव रबराची पट्टी आली. त्यानंतर पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच असलेल्या सायकली आल्या. मोठे चाक लहानसहान खड्ड्यांवरून सहज निघून जाई, त्यामुळे धक्के कमी बसत. पण स्वार पडला तर तोंडावरच पडे. हे संकट टाळण्यासाठी १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही दोन जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल बाजारात आणली. आपण आज जिला सायकल म्हणतो तिचा साचा हाच. मात्र चाके लहान झाली तसे धक्के पुन्हा वाढले. पडण्याची भीती गेली आणि हाडांची तक्रार परत आली. हवेचा टायर नेमका या अडचणीच्या वेळी जन्मला, म्हणूनच तो जगला.

नेमक्या वेळी जन्मला असे आम्ही म्हणतो, कारण त्याच्या आधी तो एकदा जन्मून विस्मृतीत गेला होता. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन या तरुण अभियंत्याने १८४५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, हवेच्या चाकाचे पेटंट घेतले. रबर लावलेल्या कापडाची नळी, तिच्यावर चामड्याचे कवच, आणि आत पंपाने भरलेली हवा, अशी ती रचना होती. लंडनच्या रीजंट पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाके लावून त्याने ती लोकांना दाखविली. गाडी हलकी चाले आणि आवाज तर जवळजवळ होतच नसे. असे असूनही त्या शोधाला गिऱ्हाईक लाभले नाही. सायकल अजून यावयाची होती, आणि घोडा ओढीत असलेल्या गाडीत बसलेल्याला चाक किती जड चालते याची फिकीर नव्हती. ज्याला स्वतःच्या पायांनी चाक फिरवावे लागते, त्यालाच हवेची खरी किंमत कळते.

ती किंमत ज्याने ओळखली तो अभियंता नव्हता, गुरांचा डॉक्टर होता. जॉन बॉइड डनलॉप हे मूळचे स्कॉटलंडचे, पण व्यवसाय बेलफास्टमध्ये. त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी शहराच्या खडबडीत रस्त्यांवर फार आदळे. डनलॉपनी लाकडाच्या एका चकतीवर पातळ रबराची नळी बसविली, तिच्यावर कापड ताणून खिळे ठोकले, आणि नळीत हवा भरली. ती भरण्यासाठी त्यांनी फुटबॉल फुगविण्याचा पंप वापरला. सायकलच्या हवेचा पहिला पंप हा असा मैदानावरून उसना आणलेला होता. मग त्यांनी अंगणात तीनचाकीचे भरीव रबराचे चाक आणि ही हवेची चकती अशी दोन्ही घरंगळत सोडली. पहिले मध्येच आडवे झाले. दुसरी अंगण ओलांडून पलीकडे जाऊन आदळली व मागे उसळली. १८८८ साली डनलॉपना पेटंट मिळाले. १८८९ च्या मे महिन्यात बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम या सायकलपटूने हे टायर लावून शर्यती जिंकल्या. लोक त्या जाड, फुगीर टायरांना प्रथम हसले होते. शर्यतीनंतर मात्र हसण्याला जागा उरली नाही.

त्याच वर्षी हार्वी ड्यू क्रॉस यांच्या पुढाकाराने डब्लिनमध्ये टायरची कंपनी निघाली. थॉमसनचे जुने पेटंट उघडकीस आल्यामुळे डनलॉपचे मूळ पेटंट टिकले नाही. परंतु कंपनीने टायर रिमवर बसविण्याच्या नव्या युक्त्यांचे हक्क मिळवून आपला व्यापार टिकविला. १८९६ साली ही कंपनी अर्नेस्ट हूली या सट्टेबाजाने ३० लाख पौंडांना घेतली आणि थोड्याच दिवसांत ५० लाख पौंडांच्या भांडवलावर लोकांपुढे मांडली. ज्याच्या नावाने टायर ओळखला गेला त्या डनलॉपना या पैशातले फारसे काही मिळाले नाही. बेलफास्टच्या अंगणातला प्रयोग आठ वर्षांत अर्धा कोटी पौंडांचा व्यवहार होऊन बसला, एवढी एकच गोष्ट त्या काळातल्या सायकलच्या वेडाची कल्पना येण्यास पुरेशी आहे.

परंतु हवा आली तशी हवा जाण्याची कटकटही आली. पहिल्या टायरांत नळी आणि कापड रिमला चिकटवून टाकलेले असे. पंक्चर झाले की सारे सोलून काढावयाचे, भोक शोधावयाचे, पुन्हा चिकटवावयाचे आणि लेप वाळण्याची वाट पाहावयाची. त्यात रात्र जाई. फ्रान्समधील क्लेरमों-फेराँ येथे मिशलँ बंधूंचा रबराचा कारखाना होता. १८८९ साली एक सायकलस्वार असा फाटका टायर घेऊन तेथे आला. दुरुस्तीला तासन्‌तास लागले, लेप वाळविण्यात रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी थोडे अंतर जाताच टायर पुन्हा बसला. एदुआर मिशलँ यांनी त्यावरून धडा घेतला तो असा, की हवेचा टायर उत्तमच आहे, पण तो स्वाराला स्वतः रस्त्यात काढता-घालता आला पाहिजे. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याची सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत झाली. शार्ल तेरों यांनी ती मिशलँच्या काढता येणाऱ्या टायरांवर ७२ तासांच्या आत जिंकली. इंग्लंडमध्ये याच सुमारास, १८९० साली, चार्ल्स वेल्च यांनी कडेला तार घातलेला टायर काढला. आपल्या नेहमीच्या सायकलचा टायर आजही त्याच तत्त्वावर रिमला धरून बसतो.

आता राहिला प्रश्न हवेच्या दाराचा. हवा आत जावी, पण बाहेर येऊ नये, असे दार हवे. या कोड्याला १८९० च्या दशकात तीन उत्तरे मिळाली आणि जगात आजही तीच तीन चालू आहेत. अमेरिकेत श्रेडर यांच्या कारखान्याने १८९१ च्या सुमारास स्प्रिंगचा व्हॉल्व्ह काढला. आपल्या मोटारी व स्कूटर यांना तोच असतो. फ्रान्समध्ये एत्येन स्क्लाव्हराँ यांनी बारीक देठाचा, विनास्प्रिंगचा व्हॉल्व्ह काढला. आतल्या हवेच्या दाबानेच तो मिटतो, म्हणून शर्यतीच्या सायकलींना तो मानवला. तिसरा इंग्लंडचा, वुड्स यांच्या नावाचा, ज्याला डनलॉप व्हॉल्व्ह असेही म्हणतात. आपल्याकडे गावोगावच्या सायकलीत जो दिसतो तो हा.

या तिसऱ्या दारापाशी आपण थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. त्याची रचना काय? पितळेची एक लहानशी नळी, तिच्या अंगाला एक बारीक भोक, आणि त्या भोकावरून ओढून बसविलेला रबरी नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. हीच आपली वालट्यूब. पंपाची हवा भोकातून आली की रबर किंचित फुगते आणि हवेला वाट देते. पंप थांबला की आतली हवा ते रबर भोकावर दाबून धरते आणि वाट बंद होते. यात स्प्रिंग नाही, सूक्ष्म आटे नाहीत, कसलेही हत्यार लागत नाही. वालट्यूब कुजली तर सायकलवाल्याकडून चार बोटे तुकडा घ्यावा, त्यातला हवा तेवढा कापावा, थुंकीने ओला करून चढवावा, की काम झाले. दोष नाहीत असे नाही. रबर ढकलीत हवा भरावी लागते म्हणून पंपाला जोर अधिक लागतो, आणि आत दाब किती झाला हे मोजता येत नाही. अंगठ्याने टायर दाबून अंदाज घ्यावा लागतो. पण जिथे कारखाना दूर आहे आणि खिसा हलका आहे, अशा देशाला हे दार फार सोयीचे ठरले. सोय म्हणजे केवळ श्रम वाचणे नव्हे. बिघडले तर आपल्या हाताने नीट करता येणे, हीसुद्धा सोयच आहे, आणि दीर्घकाळ टिकणारी आहे.

महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासातही सायकलला मानाचे स्थान आहे. ज्या १८८८ साली डनलॉपना पेटंट मिळाले, त्याच सालापासून किर्लोस्कर बंधू आपल्या व्यवसायाचा आरंभ मोजतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत; सायकल त्यांच्या मनात भरली, आणि बेळगावात रामूअण्णांच्या साहाय्याने सायकलींच्या विक्रीचे व दुरुस्तीचे दुकान निघाले. पुढे नांगर, चरक, पंप, इंजिने असा जो मोठा पसारा वाढला, त्याच्या मुळाशी हे लहान दुकान आहे. परदेशी यंत्र खोलून पाहावे, त्याचे मर्म समजून घ्यावे आणि ते येथे दुरुस्त करावे, ही विद्या अशा दुकानांतून आपल्याकडे रुजली.

त्यानंतरच्या काळात सायकल आपल्या शहरांची झाली आणि पुण्याला तर सायकलींचे शहर असे नावच पडले. सायकलच्या दुकानापुढे उभा पंप, पाण्याने भरलेले घमेले, कानस, सोल्युशनची नळी आणि जुन्या ट्यूबचे कापलेले चौकोन, एवढ्या सामग्रीवर एक कुटुंब पोसले जाई. ट्यूब पाण्यात धरावयाची, बुडबुडे कोठून येतात ते पाहावयाचे, जागा घासावयाची, ठिगळ लावावयाचे. एका ट्यूबला दहा-दहा ठिगळे असत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. ट्यूब अगदीच संपली तरी ती कचऱ्यात जात नसे. तिचीच ठिगळे होत, तिच्याच पट्ट्या सामान बांधावयास उपयोगी पडत.

येथवर गोष्ट आनंदाची आहे. आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. ही हवा ज्यात कोंडली ते रबर कोठून येत होते?

डनलॉप व मिशलँ यांच्या काळी जवळजवळ सारे रबर रानटी होते. म्हणजे लागवडीचे नव्हे, जंगलातून गोळा केलेले. त्याचा एक मोठा पुरवठा ॲमेझॉनच्या खोऱ्यातून होई. दुसरा पुरवठा आफ्रिकेतील काँगोतून. १८८५ पासून काँगो ही बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जवळजवळ खाजगी मालमत्ता होती. तेथील अरण्यात रबराचा चीक देणाऱ्या वेली होत्या. युरोप-अमेरिकेत सायकलचे वेड पसरले, रबराला मागणी चढली, आणि काँगोच्या प्रत्येक गावावर रबराचा वाटा बसविण्यात आला. वाटा पुरा झाला नाही की बायकांना ओलीस धरीत, फटके मारीत, गावे जाळीत. सैनिकांना झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागे आणि पुरावा म्हणून मेलेल्या माणसाचा उजवा हात कापून आणीत. पुढे जिवंत माणसांचेही हात तोडले गेले. रबराची मागणी केवळ सायकलसाठी नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. विजेच्या तारा, यंत्रांचे पट्टे आणि पुढे मोटारी यांनाही ते हवे होते. परंतु १८९० च्या दशकातल्या त्या अचानक आलेल्या भुकेत सायकलच्या चाकाचा वाटा मोठा होता, हे नाकारता येणार नाही.

माणसांप्रमाणे जंगलाचीही हीच गत झाली. वेलीला हलकी चीर देऊन चीक काढला तर ती जगते. पण मानेवर बंदूक असलेला माणूस सावकाश चीर देत बसत नाही. तो वेल मुळापासून तोडतो आणि सगळा चीक पिळून घेतो. त्यामुळे गावाजवळच्या वेली संपल्या आणि लोकांना दरवेळी अधिक आत, अधिक दूर जावे लागले. शेती पडीक राहिली, उपासमार आली. ॲमेझॉनच्या खोऱ्यातही 'काउचो' जातीची झाडे चिकासाठी आडवी पाडण्याची रीत होती. मनाउस या अरण्यातल्या शहरात रबराच्या पैशातून उभारलेले भव्य नाट्यगृह १८९६ साली उघडले, आणि त्याच खोऱ्यातल्या पुतुमायो नदीकाठी रबर गोळा करणाऱ्या आदिवासींवर काँगोसारखेच अत्याचार झाले.

ही गोष्ट उजेडात कशी आली तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. लिव्हरपूलच्या जहाज कंपनीतला एक कारकून, एडमंड मॉरेल, कामानिमित्त अँटवर्पच्या बंदरात जात असे. काँगोहून येणारी जहाजे रबराने व हस्तिदंताने भरलेली असत. परत जाताना त्यांत बहुतांशी बंदुका व काडतुसे असत. व्यापाराच्या बदल्यात माल जात नाही, याचा अर्थ तेथे व्यापार नाही, सक्ती आहे, हे त्याने केवळ हिशेबाच्या वह्यांवरून ओळखले. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट यांनी १९०३ साली काँगोत फिरून चौकशी केली आणि १९०४ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. जगभर गहजब झाला आणि १९०८ साली लिओपोल्डला काँगो सोडावा लागला. पुतुमायोची चौकशीही पुढे १९१० साली याच केसमेंटनी केली.

रानटी रबराची सद्दी संपविली ती मात्र मळ्यांनी. १८७६ साली हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यांतल्या फार थोड्या रुजल्या. पण त्यांची रोपे सिंहलद्वीप आणि मलायाला गेली. सिंगापूरच्या उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली यांनी झाड न मारता रोज सालीची बारीक चकती काढून चीक घेण्याची पद्धत बसविली. १९०२ च्या सुमारास त्रावणकोरच्या डोंगरांतही मळे उभे राहू लागले. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर मळ्याच्या रबराने रानटी रबराला मागे टाकले. कापलेले हात थांबले, ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु किंमत संपली नाही, तिचे रूप बदलले. मलायाच्या मळ्यांसाठी जंगल साफ झाले आणि तेथे राबण्यासाठी तमिळ मजुरांचे तांडे समुद्रापार नेले गेले. आपल्या सिंधुदुर्गातही दोडामार्गच्या बाजूला गेल्या काही दशकांत रानाच्या जागी रबराच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. एकाच जातीच्या झाडांची ओळ म्हणजे अरण्य नव्हे, हे तेथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

याच मलायात इतिहासाने एक विलक्षण प्रसंग दाखविला. १९४१ च्या डिसेंबरात जपानी फौजा तेथे उतरल्या आणि हजारो सैनिक सायकलींवरून दक्षिणेकडे निघाले. उन्हाने व भाराने टायर फाटू लागले. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी टायर काढून टाकले आणि नुसत्या रिमवर सायकली हाकल्या. रात्रीच्या वेळी डांबरी रस्त्यावर लोखंडाचा तो खडखडाट ऐकून पलीकडच्या सैनिकांना रणगाडे येत असल्याचा भास होई. जगाला रबर पुरविणाऱ्या झाडांच्या रांगांमधून बिनरबराची चाके धावत होती. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले आणि दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा तुटला. युरोपातही टंचाई भासली. जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये लोकांनी लाकडाचे तुकडे आणि बागेला पाणी घालण्याच्या नळ्या चाकांना बांधून सायकली चालविल्या.

या टंचाईतून कृत्रिम रबराला जोर आला. अमेरिकेत १९३७ साली शोधलेले ब्युटाइल रबर ट्यूबसाठी फार उपयुक्त ठरले, कारण त्यातून हवा नैसर्गिक रबराच्या मानाने पुष्कळच सावकाश झिरपते. पूर्वी दर चार-आठ दिवसांनी हवा मारावी लागे, ती आता महिन्यातून एकदोनदा मारली तरी चालू लागली. सोय वाढली, यात शंका नाही. पण हे रबर खनिज तेलापासून होते. आणि ते जमिनीत लवकर कुजत नाही. मळ्याच्या जागी तेलाची विहीर आली, एवढाच बदल.

आता हवा भरण्याच्या साधनांचा हिशेब करू. यासाठी थोडे गणित करावे लागेल, ते श्रोत्यांनी सोसावे.

आपल्या नेहमीच्या उंच, २८ इंची सायकलच्या एका टायरात सुमारे पावणेतीन लिटर जागा असते. तेथे पुरेसा दाब आणावयाचा तर बाहेरची आणखी नऊ-साडेनऊ लिटर हवा आत कोंडावी लागते. सायकलच्या दांड्याला अडकविण्याच्या लहान पंपात एका वेळी शंभर घन सेंटिमीटरच्या आसपास हवा मावते. म्हणजे दट्ट्या शंभर वेळा तरी मारावा लागतो. दुकानासमोरच्या उभ्या पंपाने तेच काम पंचवीस-तीस हातांत होते. या कामाला शक्ती किती लागते? हवा दाबण्याचे निव्वळ काम एक हजार ज्यूलच्या आतबाहेर भरते. माणसाचे शरीर अन्नातल्या शक्तीपैकी चौथा-पाचवा हिस्साच कामात आणते, हे धरले तरी सगळा खर्च एक किलोकॅलरीच्या आसपास. थोडक्यात, दोन-चार फुटाणे खाल्ले की एका चाकाची हवा भरून निघाली! पंप चांगला असेल, त्याची चामड्याची वाटी तेल लावून मऊ ठेवली असेल, तर तो पिढीभर टिकतो.

याच्या शेजारी विजेचा पंप ठेवून पाहू. पेट्रोलपंपावरचे यंत्र किंवा बॅटरीवर चालणारा हातात मावणारा पंप, कोणताही घ्या. शक्तीची कितीही नासाडी धरली तरी एका युनिट विजेत शे-दोनशे चाके सहज भरतात. तेव्हा विजेने भरलेली हवा म्हणजे मोठे पाप, असे मानण्याचे कारण नाही. ज्यांचे हात थकले आहेत त्यांनी ती खुशाल वापरावी. किंमत आहे ती यंत्राची. बॅटरीचा पंप काही वर्षांत निकामी होतो, त्याची बॅटरी गल्लीतल्या दुकानात बदलून मिळत नाही, आणि फेकली तर तिच्यातली द्रव्ये मातीत जातात.

तिसरे साधन पोलादी कुपीचे. सोडा करण्याच्या सायफनसाठी कर्बद्विप्राणिल वायूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या, लहान कुप्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाल्या. त्याच जातीच्या कुप्या आज शर्यतीचे सायकलपटू खिशात बाळगतात. कुपी टोचली की काही क्षणांत टायर फुगतो. वायू एकदम पसरल्यामुळे कुपी इतकी थंड पडते की तिच्यावर हिमकण धरतात. सोय म्हणून याहून अधिक काय हवे? परंतु हा वायू रबरात हवेपेक्षा लवकर विरघळून बाहेर पडतो. एक-दोन दिवसांत टायर पुन्हा मऊ होतो आणि साध्या हवेने भरावाच लागतो.

आता त्याचा हिशेब. नेहमीच्या कुपीत १६ ग्रॅम वायू असतो. पृथ्वीचे तापमान वाढविणारा वायू हाच, म्हणून कित्येकजण त्याला दोष देतात. पण ७ मिलिलिटर पेट्रोल जाळले तरी तेवढाच वायू निघतो. त्यावर स्कूटर साडेतीनशे मीटर जाईल. शिवाय कुप्यांतला वायू बहुधा खत-कारखान्यांसारख्या ठिकाणी दुसऱ्या कामातून निघालेला, गोळा केलेला असतो. खरा खर्च कवचाचा आहे. रिकामी कुपी सुमारे ४० ग्रॅम पोलादाची असते, आणि एक किलो पोलाद करताना ढोबळ मानाने दोन किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे कवचापोटी ८० ग्रॅम, आतल्या वायूच्या पाचपट! दोन्ही मिळून स्कूटरवरून दोन किलोमीटर गेल्यासारखे झाले. शर्यतीत एखादे वेळी हे क्षम्य आहे. पण ज्याने पर्यावरणासाठी सायकल धरली, त्याने दर वेळी एक कुपी फोडून रस्त्याकडेला टाकावी, हे सुसंगत नाही.

या हिशेबातून आम्हांस जे दिसते ते असे, की हवा भरण्याचा खर्च कोणत्याही साधनाने हवेत नसतो. तो कवचात असतो. थॉमसनच्या काळी चामडे, डनलॉपच्या काळी काँगोचे रबर, पुढे मलायाचा मळा, मग खनिज तेल, आणि आज पोलादी कुपी व बॅटरी. हे कवच जितके दिवस टिकेल तितका तो खर्च कमी. म्हणून पर्यावरणाच्या दृष्टीने हवा कशाने भरली यापेक्षा ती वेळेवर भरली की नाही, याला महत्त्व अधिक आहे. मऊ टायर जड चालतो, कडेने चिरतो, खड्ड्यात ट्यूब चिमटून फुटते. आठवड्याला पाच मिनिटे पंप मारणारा माणूस टायरचे आयुष्य वाढवितो, आणि त्या टायरमागचे रबर, तेल व कष्ट वाया जाऊ देत नाही.

सोयीचे साधन वाईट, असे आमचे म्हणणे नाही. मिशलँनी काढता येणारा टायर दिला आणि वुड्सनी वालट्यूब दिली, त्याही सोयीच होत्या. पण त्या स्वाराला स्वतःच्या पायांवर उभे करणाऱ्या सोयी होत्या. ज्या सोयीने आपला श्रम दुसऱ्याच्या माथी जातो आणि तो दुसरा आपल्याला दिसेनासा होतो, तिच्याबद्दल मात्र सावध असावे. अँटवर्पच्या धक्क्यावरच्या कारकुनाने तेवढेच केले. येणारे काय आणि जाणारे काय, याचा त्याने ताळा मांडला.

आपल्या शहरांतून सायकली कमी झाल्या आणि त्यांबरोबर कोपऱ्याकोपऱ्यावरचा उभा पंपही दिसेनासा होत चालला आहे. आज पुन्हा सायकलीसाठी रस्ते आखण्याची भाषा चालू आहे, ती स्वागतार्हच आहे. त्या आखणीत शाळा, ग्रंथालय, बसस्थानक आणि मंडई यांच्या दाराशी एक-एक दणकट उभा पंप ठेवावा, आणि पंक्चर काढणाऱ्या कारागिराला बसण्यापुरती जागा द्यावी, अशी आमची सूचना आहे. तिला विशेष पैसा लागणार नाही. हवा पूर्वीप्रमाणेच फुकट आहे; दट्ट्या मारणारे हातही आपल्यापाशी आहेत.